एका पिंपाची गोष्ट

दर आठवड्याला या पानावर मी तुम्हांला भेटतो तो रिकाम्या हातांनी. पण दिवाळीला कोणाकडे जायचे तर हातात काहीतरी असावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. म्हणून यंदा मी एक बाटली घेऊन आलो आहे. वाचकांनी भुवया उंचावू नयेत आणि भगिनींनी घाईघाईने पान उलटू नये. बाटली सध्या सातासमुद्रांपलीकडे, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन गावी, माझ्या धाकट्या भावाच्या कपाटात आहे. मी आणली आहे ती फक्त तिची गोष्ट. फराळाच्या ताटाशेजारी ठेवायला तेवढी चालावी.

माझा आणि दारूचा संबंध किती, हे आधी सांगितले पाहिजे. आमचे वडील, म्हणजे अण्णा, सरकारच्या उत्पादन शुल्क खात्यात कारकून होते. दारूचे परवाने, दारूच्या पावत्या, दारूची रजिस्टरे यांत त्यांची छत्तीस वर्षे गेली आणि या छत्तीस वर्षांत त्यांनी एका थेंबालाही स्पर्श केला नाही. रजिस्टर मात्र असे लिहीत की पाहत राहावे. तारीख, क्रमांक, माप, सही. एकही रकाना मोकळा नाही. "रकाना मोकळा राहिला की तिथे खोटं शिरतं," हे त्यांचे आवडते वाक्य. आम्हा दोघा भावांच्या प्रगतिपुस्तकापासून वाण्याच्या वहीपर्यंत सगळीकडे ते त्यांनी लागू केले होते.

मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि पुण्यात राहिलो. विनू इंजिनियर झाला आणि २००७ साली अ‍ॅबर्डीनला गेला. तिथे उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर तो काही आठवडे असतो आणि काही आठवडे घरी. दर रविवारी त्याचा फोन येतो. आईची साखर किती, पुण्यात पाऊस किती, मुलांना मार्क किती, एवढे आकडे झाले की फोन संपतो. अठरा वर्षांत एकही रविवार चुकला नाही आणि एकही रविवार दुसऱ्या रविवारहून निराळा झाला नाही.

२०२५ च्या मे महिन्यात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे करून, मी आणि सौ. प्रथमच त्याच्याकडे गेलो. करड्या दगडांचे ते गाव. रात्रीचे नऊ वाजले तरी दिवस मावळायचे नाव घेत नाही. पहिल्याच संध्याकाळी विनूने दिवाणखान्यातले एक कपाट उघडले आणि म्हणाला, "दादा, हे माझे बाटलीवाले."

मला आमच्या गल्लीतला बाटलीवाला आठवला. रविवारी सकाळी हातगाडी घेऊन येतो, रद्दीचे वजन करताना काट्याला हळूच बोट लावतो आणि रिकाम्या बाटल्या कवडीमोलाने नेतो. विनूच्या कपाटात मात्र भरलेल्या बाटल्या होत्या. वीस-पंचवीस तरी असतील. एकीचाही रंग दुसरीशी जुळत नव्हता. एखादी वाळलेल्या गवतासारखी फिकट, एखादी तेलाच्या समईसारखी पिवळी, एखादी काकवीसारखी काळसर.

"आमच्याकडचे बाटलीवाले रिकाम्या नेतात," मी म्हणालो.

"आणि हे भरून देतात," विनू हसून म्हणाला. "पण स्वतः गाळत नाहीत. यातली मेख तीच आहे."

मग त्याने मला जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो. स्कॉटलंडची माल्ट व्हिस्की म्हणजे मोड आणलेल्या सातूची. सातूला मोड आणायचे, ते वाळवायचे, दळायचे, गरम पाण्यात त्यांची गोडी उतरवायची, ती आंबवायची आणि तांब्याच्या भल्यामोठ्या भांड्यांतून दोनदा गाळायची. (हे ऐकून सौ. म्हणाली, "म्हणजे मटकीसारखंच की! नंतर नासवतात एवढंच.") गाळून निघते ती पाण्यासारखी पांढरी असते. तिला रंग येतो, वास येतो, स्वभाव येतो तो ओकच्या लाकडाच्या पिंपात. कायदाच असा आहे की पिंप ओकचेच हवे, सातशे लिटरांहून मोठे नको, आणि त्यात स्कॉटलंडच्या भूमीवर किमान तीन वर्षे काढल्याशिवाय तिने स्कॉच हे नाव लावायचे नाही.

आता एका भट्टीत अशी हजारो पिंपे असतात आणि कोणतीही दोन सारखी नसतात. एकाच दिवशी, एकाच भांड्यातली व्हिस्की शेजारशेजारच्या दोन पिंपांत भरावी आणि बारा वर्षांनी चाखावी, तर सख्ख्या भावांइतका फरक निघतो. लाकूड निराळे, त्यात आधी काय ठेवले होते ते निराळे, वखारीतली जागा निराळी. गिऱ्हाइकाला मात्र दर वेळी तीच चव हवी असते. म्हणून कारखानदार अनेक पिंपे एकत्र करतात. एडिंबरोच्या अँड्र्यू अशर यांनी १८५३ च्या सुमारास अशी मिसळलेली व्हिस्की बाजारात आणली. पुढे १८६० च्या कायद्याने, कर भरण्यापूर्वी सरकारी देखरेखीच्या वखारीतच, माल्ट आणि इतर धान्यांची व्हिस्की मिसळायला मुभा मिळाली. आज जगात खपणाऱ्या स्कॉचपैकी बहुतेक असते ती ही मिश्र व्हिस्की. आपल्या चहाच्या पुड्यासारखेच हे. मळे बदलतात, पाऊस बदलतो, पुड्यातली चव बदलत नाही.

"मग वाईट काय त्यात?" मी विचारले. मला नेहमीचाच चहा आवडतो.

"वाईट काहीच नाही. ते फार अवघड काम आहे. तीस-चाळीस भट्ट्यांचे माल नाकाने ओळखून एकच चव वर्षानुवर्षं राखायची. पण हे बाटलीवाले उलटं करतात. ते भट्ट्यांकडून आणि दलालांकडून पिंपं घेतात, वखारीत ठेवतात, वाट पाहतात, आणि योग्य वेळ आली असं वाटलं की एकच पिंप फोडतात. त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. रंग घालायचा नाही. पिंपातून निघेल त्या जोराची तशीच भरायची. दोन-अडीचशे बाटल्या निघतात. त्या संपल्या की संपल्या. तशी पुन्हा होणार नाही."

या धंद्यातली फार जुनी एक पेढी, विल्यम कॅडनहेड, याच अ‍ॅबर्डीन गावात १८४२ साली सुरू झाली. १९७२ साली ती कँपबेलटाउनच्या स्प्रिंगबँक भट्टीच्या मालकांनी घेतली आणि गाव सोडून गेली. तिच्या बाटलीवर भट्टीचेही नाव असते आणि पेढीचेही. माल एकाचा, पारख दुसऱ्याची. मला हे आवडले. मराठीचा प्राध्यापक तरी दुसरे काय करतो? कविता दुसऱ्याची, आणि वर्षानुवर्षे जपून योग्य वेळी मुलांच्या पेल्यात ओतायची आपण!

पण मला सर्वांत आवडली ती लेबले. एकेक लेबल म्हणजे अण्णांच्या रजिस्टरमधली एकेक ओळ. गाळल्याची तारीख, बाटलीत भरल्याची तारीख, पिंपाचा प्रकार, पिंपाचा क्रमांक, एकूण बाटल्या किती, ही बाटली कितवी, जोर किती टक्के. एकही रकाना मोकळा नाही. मी तसे विनूला म्हणालो. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग कपाट बंद करत म्हणाला, "म्हणूनच नाद लागला असेल."

दोन दिवसांनी त्याने आम्हांला इन्व्हरनेसच्या गाडीत बसवून एल्गिनला नेले. वाटेत कीथ स्टेशन लागले. खिडकीतून दूरवर सातूची हिरवी शेते आणि मधूनच भट्ट्यांची उतरती छपरे दिसत होती. स्पे नदीच्या या खोऱ्यात भट्ट्यांची गर्दी आपल्याकडच्या साखर कारखान्यांहूनही दाट आहे. तिथल्या एका भट्टीची वखार आम्हांला पाहायला मिळाली. बाहेरून दगडी भिंती काळ्या पडलेल्या. मला वाटले, धुराने. तर नव्हे, पिंपांतून उडणाऱ्या वाफेवर जगणारी एक बुरशी आहे, तिचा तो रंग. आत पायांखाली मातीची जमीन, वर ठेंगणे छप्पर, आणि अंधारात एकावर एक तीन थरांत निजलेली पिंपे. वास असा की जुन्या वाड्याच्या माळ्यावर कोणीतरी गुळाची ढेप विसरून गेले असावे.

वखार दाखवणारे गृहस्थ साठीचे होते. त्यांनी सांगितले की दरवर्षी पिंपातला सुमारे दोन टक्के माल उडून जातो आणि त्याला इकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. विनूने त्यांना सांगितले की हल्ली आमच्या गोव्यातही माल्ट व्हिस्की होते आणि तिथल्या उकाड्यात हा वाटा याच्या कितीतरी पट असतो. "मग तुमचे देवदूत फार तहानलेले दिसतात," गृहस्थ गंभीरपणे म्हणाले. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी या वखारींना दोन कुलपे असत. एकाची किल्ली भट्टीवाल्याकडे आणि दुसऱ्याची अबकारी अंमलदाराकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. विनू माझ्या कानाशी लागून म्हणाला, "अण्णांना इथे नोकरी मिळाली असती." आम्ही दोघे हसलो. अण्णांच्या नावाने आम्ही दोघे एकत्र हसल्याला किती वर्षे झाली होती, हे मला परतीच्या गाडीत आठवेना.

त्या गाडीतच विनूने मला या दुनियेच्या आणखी गमती सांगितल्या. १९८३ साली एडिंबरोच्या लीथ बंदरात पिप हिल्स नावाच्या गृहस्थांनी एक मंडळ काढले. त्याआधी ते मित्रांच्या वर्गणीतून एका भट्टीतून पिंप आणून वाटून घेत. पुढे मित्रांचे मित्र वाढले. या मंडळाच्या बाटलीवर भट्टीचे नावच नसते. पहिला आकडा भट्टीचा, टिंबानंतरचा आकडा पिंपाचा. भट्टीवाल्यांना आपले नाव दुसऱ्याच्या बाटलीवर नको असते, त्यावर काढलेली ही तोड. हे ऐकून मी मात्र सरसावून बसलो. आसन क्रमांकावरून उत्तरपत्रिका तपासण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. नाव झाकले की परीक्षक निदान वाचतो तरी, हा माझा अनुभव आहे.

काही भट्टीवाले तर याहून हुशार. दलालाला पिंप विकताना ते त्यात दुसऱ्या भट्टीची चमचाभर व्हिस्की टाकतात. चवीत तिळमात्र फरक पडत नाही. पण कायद्याने ते पिंप एका भट्टीचे राहत नाही, आणि घेणाऱ्याला भट्टीचे नाव लावून ते विकता येत नाही. एवढ्या मोठ्या पिंपात एक चमचा! त्या वेळी मी हसलो खरा. पण तो चमचा पुढे दोन दिवस माझ्या डोक्यात राहिला. का राहिला ते लवकरच कळेल.

आणि एक. १९८३ हे साल या धंद्याला फार वाईट गेले. माल उदंड झाला, खप घटला, आणि अनेक भट्ट्या बंद पडल्या. इन्व्हरनेस गावातल्या ग्लेन मोर आणि ग्लेन अल्बिन या दोन त्यांतल्याच. पुढे त्या पाडल्या आणि तिथे दुकाने उभी राहिली. आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे जे झाले तेच. पण गिरणी गेली तरी तिचे कापड कोणाच्या तरी ट्रंकेत राहतेच. या भट्ट्यांची पिंपे बाटलीवाल्यांच्या वखारीत राहिली होती. भट्टीच्या चिमण्या पडल्या तरी पुढे कित्येक वर्षे तिची एकेक बाटली निघत राहिली. एखादी आजही लिलावात दिसते. ती भट्टी कशी होती, हे आता तेवढ्यावरूनच कळायचे.

एल्गिनच्याच गॉर्डन अँड मॅकफेल या पेढीची हकीकत विनूने सर्वांत शेवटी सांगितली. ते मुळात किराणामालाचे आणि चहाचे दुकान, स्थापना १८९५. त्याच साली जॉन अर्कहार्ट नावाचा मुलगा तिथे उमेदवारीला लागला आणि पुढे त्याच्या घराण्याकडेच पेढी आली. हे लोक आपली पिंपे भट्ट्यांत नेऊन ताजी व्हिस्की भरून घेत. ३ फेब्रुवारी १९४० रोजी, महायुद्ध चालू असताना, या जॉननी आणि त्यांचा मुलगा जॉर्ज यांनी ग्लेनलिव्हेटचे एक पिंप भरवून ठेवले. ते फुटले २०२० साली. ऐंशी वर्षांनी! त्यातून अडीचशे बाटल्या निघाल्या. ज्यांनी ते भरले त्या बापलेकांपैकी तोवर कोणी उरले नव्हते. हीच पेढी २०२३ साली म्हणाली की २०२४ पासून आपण दुसऱ्यांच्या भट्टीत पिंपे भरणार नाही, आपल्या स्वतःच्या भट्ट्यांकडे लक्ष देणार. म्हणजे वखारीत आज जे आहे ते हळूहळू संपत जाईल.

"बापानं आणि मुलानं मिळून भरलं," विनू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आणि प्यायलं दुसऱ्यांनीच."

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सौ. आणि धाकट्या जाऊबाई बाजारात गेल्या होत्या. विनूने कपाटाच्या तळातून एक बाटली काढली आणि दोन लहान पेले टेबलावर ठेवले. बुचावरचे आवरण अजून शाबूत होते.

"ही फोडली नाही अजून. तू येशील म्हणून ठेवली होती. लेबल वाच."

मी चष्मा लावला. गाळली : जानेवारी २०१०. भरली : मार्च २०२४. पिंप : हॉग्जहेड. बाटल्या : २६४. ही : ११७. जोर : ५६.४ टक्के.

माझी नजर पहिल्या ओळीवरच थांबली. अण्णा गेले तो जानेवारी २०१० होता.

ती हकीकत आमच्या घरी अशी सांगितली जाते. अण्णा पहाटे झोपेत गेले. विनू समुद्रावर होता. त्याला फोन लागेना. नातेवाईक जमले, 'ठेवून काय करायचं' म्हणाले, आणि मी, थोरला मुलगा, दुपारी बारापर्यंत सगळे उरकून आलो. संध्याकाळी फोन लागला. तिकडे वादळ होते, हेलिकॉप्टर दोन दिवस उडाले नाही. विनू पोचला तो पाचव्या दिवशी. तो दाराशी आला, आईजवळ बसला, आणि काही बोलला नाही. पुढच्या रविवारपासून फोन सुरू झाले. साखर किती, पाऊस किती, मार्क किती.

या हकीकतीत सगळे खरे आहे. एक चमचा सोडून.

विनूने बूच काढले आणि दोन्ही पेल्यांत बोटभर ओतली. "आधी नुसता वास घे," तो म्हणाला. मी पेला नाकाशी नेला आणि डोळ्यांत पाणीच आले. ५६ टक्के म्हणजे काय ते नाकालाही कळते.

"विनू," मी म्हणालो, "त्या दिवशी फोन लागत नव्हता असं मी तुला सांगितलं. आईलाही तेच सांगितलं. मी लावलाच नव्हता. सकाळपासून हातात धरून बसलो होतो. लावला असता तर तू 'थांबा' म्हणाला असतास, आणि मग मला थांबावं लागलं असतं. चार-पाच दिवस मला अण्णांना तसं बघवलं नसतं. म्हणून तुला न विचारता नेलं."

पंधरा वर्षे जे सांगायला जमले नव्हते ते सांगायला अर्धा मिनिट लागला. मी खाली बघत होतो.

"मला माहीत आहे," विनू म्हणाला.

"माहीत आहे?"

"प्लॅटफॉर्मवर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक फोनची नोंद असते, दादा. परत कामावर गेलो तेव्हा पहिल्यांदा मी ते रजिस्टर बघितलं. त्या दिवशी पुण्याहून एकच फोन होता. संध्याकाळचा." तो किंचित हसला. "शेवटी मीही अण्णांचाच मुलगा."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"तू सांगशील असं वाटायचं. दर रविवारी वाटायचं. मग वाटायचं की जाऊ दे, आईची साखर विचारू." पेला फिरवत तो थोडा थांबला. "राग होता, दादा. नाही असं नाही. अजूनही थोडा आहे. मला त्यांचे पाय बघायला मिळाले नाहीत."

यावर मी काय बोलणार? वर्गात पन्नास मिनिटे अखंड बोलणाऱ्या माणसाला त्या वेळी 'चुकलं माझं' या दोन शब्दांपलीकडे काही सुचले नाही. आणि आश्चर्य म्हणजे तेवढे पुरले. पुरले म्हणजे राग गेला असे नव्हे. पण तो इतकी वर्षे निराळ्या खोलीत बसला होता, तो त्या संध्याकाळी टेबलाशी येऊन आमच्यात बसला.

विनूने एका लहान किटलीतून दोन्ही पेल्यांत पाण्याचे चार-चार थेंब टाकले. "नुसती कोणालाच झेपत नाही," तो म्हणाला. "थोडं पाणी पडलं की वास मोकळा होतो. फार घातलं तर मात्र सगळंच जातं."

मग मी ती घेतली. सत्तेचाळिसाव्या वर्षी, उत्पादन शुल्क खात्यातल्या कारकुनाच्या थोरल्या मुलाने, आयुष्यातली पहिली. घसा जळला, हे आधी सांगतो. दुसऱ्या घोटाला गूळ आठवला, मग सुके अंजीर, मग जुन्या लाकडी कपाटाचा आतला वास. उत्तम होती की मध्यम, हे मला सांगता यायचे नाही. मला दुसरी ठाऊकच नाही. कोणी घ्यावी असेही माझे म्हणणे नाही. पण ज्या महिन्यात आमच्या घरचा माणूस गेला त्याच महिन्यात कुठेतरी थंडीत कोणीतरी हे पिंप भरून ठेवले, आणि चौदा वर्षे ते कोणाला न सांगता अंधारात पडून राहिले, हे मात्र त्या घोटाबरोबर घशाखाली उतरले.

तेवढ्यात बायका बाजारातून परतल्या. सौ.ने टेबलावरचे पेले पाहिले, माझा चेहरा पाहिला, विनूचे डोळे पाहिले, आणि "किती घेतलीत?" एवढेच विचारले. "दोन घोट," मी म्हणालो. तिने पिशव्या उचलल्या आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. एकवीस वर्षांच्या संसारात तिने मला दिलेल्या सवलतींपैकी ही सर्वांत मोठी.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. विमान रात्रीचे असल्याने त्या दिवशीचा फोन आम्ही दोघांनी मिळून अ‍ॅबर्डीनहून पुण्याला लावला. आईची साखर विचारून झाली, पुण्याचा वळीव विचारून झाला. मग मी आईला दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी त्या दिवशीच्या फोनची आणि मग बाटलीची. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटले, फोन खरोखरच तुटला.

मग आई म्हणाली, "फोनचं मला तेव्हाच कळलं होतं रे. तू खोटं बोललास की तुझा आवाज बारीक होतो. विनूला सांगितलंस ना? मग झालं." आणि थोडे थांबून, "पण अण्णा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, दोघांकडे पिण्याचा परवाना आहे का!"

आम्ही दोघे हसलो, आणि हसता हसता विनूने तोंड फिरवले.

आता पुन्हा दर रविवारी फोन येतो. पुन्हा साखर, पाऊस आणि मार्क. ते काही वाईट नाही. घर त्यावरच चालते, आणि रोज कोणी पिंपे फोडीत नाही. त्या बाटलीत अजून पाऊण भाग शिल्लक आहे. निघताना विनूने लेबलाच्या खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने तारीख घातली, पुढे आपली सही केली आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

मीही सही केली. रकाना मोकळा ठेवला नाही.